अनुभव धागा: परमुलखातला समुद्र आणि आपली सायकल

नाशिकच्या सायकलवाल्यांना घाट पाठ. रविवारी त्र्यंबक, येताना मिसळ, झालं. समुद्राचं आणि आपलं नातं मात्र सुट्टीपुरतं. तरीही आपल्यातले बरेच जण परदेशात किनाऱ्याकिनाऱ्याने सायकल हाकून आले आहेत. त्यांनी इथे एकच दिवस लिहावा. व्हिसा, तिकिटं, हॉटेल नको. वारा कुठून होता, समुद्र कोणत्या हाताला होता, पोटात काय गेलं, एवढं पुरे.

सातपूरकर
व्हिएतनाम. दानांगहून हाय वान घाट चढून पलीकडे लांग कोला उतरलो. माथा ४९६ मीटरवर आणि सुरुवात अक्षरशः वाळूपासून, म्हणजे प्रत्येक मीटर पायांनीच भरायचा. कसारा याच्यापुढे लहान. पण कसाऱ्यात नाकात जातो तसा ट्रकचा धूर इथे नाही, कारण २००५ साली डोंगरातून बोगदा झाला आणि बहुतेक वाहतूक तिकडे वळली. बोगद्यात सायकल चालवू देत नाहीत, त्यामुळे आपल्याला घाटच. इंधनाचे टँकर आणि जनावरांच्या गाड्याही वरूनच जातात. एका वळणावर मागून डुकरांनी भरलेला ट्रक आला: आधी वास, मग आवाज, मग ट्रक.

तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचं. उत्तरेकडे निघालं की समुद्रही उजवीकडेच, मध्ये कोणी नाही. कठड्याखाली झाडी, झाडीत मधूनच रेल्वेचे रूळ, त्याच्या खाली पाणी. दानांगला घाम निथळत होता. माथ्यावरच्या जुन्या वेशीपाशी पोचलो तर धुकं, शेजारचे लष्करी बंकरही धड दिसेनात. हा डोंगर उत्तरेची थंड हवा अडवून धरतो, म्हणून हिवाळ्यात अलीकडे ऊन आणि पलीकडे भुरभुर असं नेहमीच चालतं म्हणे. टपरीवर कॉफी मागवली. ग्लासाच्या तळाला कंडेन्स्ड मिल्क, वर पत्र्याची छोटी गाळणी, तिच्यातून थेंब थेंब. घाईत असाल तर मागवूच नका. पुढे ओल्या उतारावर ब्रेक दाबून दाबून बोटं आखडली. चढाने नाही, उताराने दमवलं.

पाथर्डी फाटा
टँकर वरून का? बोगदा तर सोपा पडेल.

सातपूरकर
अहो, आत पेटला तर? म्हणूनच.

रामकुंड
मुलगी नेदरलँड्समध्ये हेगला असते. मी आणि सौ., दोघंही साठी ओलांडलेले. जावयांनी सायकली भाड्याने आणून दिल्या, दिसायला शाळेच्या वेळच्या, काळ्या, भक्कम. हँडलला ब्रेकच नाही! पेडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. मला चालता चालता पेडल उलटं फिरवायची जुनी खोड, त्यामुळे दर दोन मिनिटांनी कचकन थांबायचो आणि सौ. मागून तोफ डागायची.

स्खेव्हेनिंगनहून काटवाइकपर्यंत गेलो. वाट वाळूच्या टेकड्यांमधून, फक्त सायकलींची. चौकाचौकात आकड्यांचे फलक असतात. निघताना कागदावर आकडे क्रमाने लिहून घेतले की चुकायचं काम नाही. समुद्र म्हणाल तर बराच वेळ दिसतच नाही, टेकडीआडून नुसता घोंघावतो. जाताना वाटलं, या वयात काय पाय आहेत आपले! परतताना कळलं की ते पाय नव्हते, नैर्ऋत्येचा वारा होता. आता तोच समोरून. घाटाला माथा तरी असतो, वाऱ्याला तोही नाही. बाकावर बसून सौ.ने डब्यातले धपाटे काढले, शेजारच्या डच बाईंना एक दिला. त्यांनी आम्हाला मेयोनेजमध्ये बुडवलेले बटाट्याचे तुकडे दिले. सौदा त्यांच्या फायद्याचा झाला.

कामटवाडे
कामानिमित्त सॅन दिएगोला होतो. सुट्टीच्या दिवशी किनाऱ्याने ओशनसाइड गाठलं, साधारण ६० किलोमीटर. तिथेच जायचं कारण नाशिककरांना सांगायला नको: २०१५ मध्ये आपल्या डॉ. महाजन बंधूंची दोघांच्या संघाची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत तिथूनच सुटली होती, २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथांची एकट्याची. ते पुढे देश ओलांडून पूर्व किनाऱ्यावर अ‍ॅनापोलिसला पोचले. मी पिअरवर सरबत प्यायलो आणि सायकल डब्यात चढवून लोकल ट्रेनने परतलो. टोरी पाइन्सचा चढ सोडला तर रस्ता सोपा. पण उत्तरेकडे जाताना समुद्र डावीकडे, म्हणजे चार लेन पलीकडे. शिवाय दुपारचा वारा तोंडावर. शहाणे लोक उत्तरेकडून दक्षिणेकडे येतात.

आडगावची सायकलवाली
जपानचा शिमानामी काइदो हा सायकलमार्ग. होन्शूवरचं ओनोमिची ते शिकोकूवरचं इमाबारी, मध्ये सहा बेटं, सुमारे ७० किलोमीटर. बेटांना जोडणारे पूल १९९९ मध्ये पुरे झाले. रस्त्याच्या कडेने निळी रेघ आखलेली आहे, नकाशा उघडावाच लागत नाही. पहिल्या बेटावर मात्र सायकलवाले होडीने जातात, पाचेक मिनिटांत पलीकडे.

पूल उंच, म्हणून दर बेटावर पुलापर्यंत चढावं लागतं. पण सायकलींची वाट वेगळी, वळणं घेत घेत जाणारी, चढ तीन टक्क्यांच्या आसपास. अंजनेरीकडे सराव करणाऱ्यांना हसू येईल. इन्नोशिमाच्या पुलावर तर आपली वाट मोटारींच्या खालून जाते, डोक्यावर सगळी धडधड. इकुची बेटावर लिंबांच्या बागा. कडेला फळी, फळीवर फळांच्या पिशव्या, पैसे टाकायला डबा, माणूस कोणी नाही. शेवटचा कुरुशिमा पूल चार किलोमीटरचा, आणि खाली भरती-ओहोटीच्या ओढीने पाणी गरगरतं. तिथे मी इतका वेळ थांबले की जोडीदार पुढे जाऊन परत शोधत आला. भाड्याची सायकल इमाबारीतच सोडता येते. स्वतःची असेल तर ट्रेनमध्ये चढण्याआधी चाकं काढून पिशवीत भरावी लागते.

रामकुंड
ताई, तिथे ब्रेक हँडलला असतात ना? सौ. विचारते आहे.

आडगावची सायकलवाली
हो काका, दोन्ही हातांना. काकूंना जरूर न्या.

गोविंदनगर
उशिरा लिहितोय. श्रीलंका, मातारा ते गॉल, ४५ किलोमीटरच्या आसपास. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालायचं, म्हणून माताऱ्याहून गॉलकडे या; समुद्र डाव्या हाताला राहतो. बस हॉर्न वाजवत अंगावरून गेल्यासारखी जाते, आरसा लावाच. पहाटे निघा, दहानंतर ऊन सोसवत नाही. थंबिली नावाचं केशरी शहाळं जागोजागी मिळतं. मुक्कामाला पोचलात की आधी सायकल गोड्या पाण्याने पुसा, चेन कोरडी करा आणि तेल त्याच रात्री घाला. आमच्यातल्या एकाने सकाळवर टाकलं होतं; खारी हवा सकाळपर्यंत थांबली नाही.