सुटका कसली, जाच वाढला
'कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये पार्लर बंद, तोंडाला मास्क, त्यामुळे मुलींची दिसण्याच्या जाचातून सुटका झाली,' असं कुणीतरी लिहिलंय. पुण्या-मुंबईकडे झाली असेल. आमच्याकडे विट्याला कॉलेज बंद होऊन मुलगी घरी बसली की लगेच स्थळं सुरू, आणि बघण्याचा कार्यक्रम व्हिडिओ कॉलवर. माझ्या मामेबहिणीला मामी खिडकीपाशी उजेडात बसवायची. कॉल संपला की 'जरा उजळ दिसायला हवं होतं' हे ठरलेलं. पोरगी जेवायची बंद झाली होती.

मग मेडिकलमधून गोरं करणारी ट्यूब आली. थोड्याच दिवसांत रंग उजळला, घरचे खूश. बंद केल्यावर मात्र गालांची आग, लाल शिरा, पुरळ. सांगलीच्या त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूबवरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं: मोमेटासोन. स्टेरॉइड आहे ते, कातडी पातळ करतं. २०१८ मध्ये सरकारने अशी मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी सर्रास मिळतात, याचा फार संताप येतो. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल यांपैकी काही दिसलं तर स्वतःच्या मनाने लावू नका, आणि आधीपासून लावत असाल तर डॉक्टरांना विचारूनच सोडा.