अकरावी ऑप्शनला टाका म्हणे!

सीईटीग्रस्त: काल इथे कुणीतरी लिहिलंय, 'सीईटीला (इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला) अकरावी फक्त २० टक्के, ती ऑप्शनला टाका, बारावीचे मोठे चॅप्टर घासा.' आणि लोक खाली थँक्यू दादा, थँक्यू दादा. पीसीएमचं (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) बोलतोय, अकरावीवर गणिताचे १० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, फिजिक्स-केमिस्ट्रीचे दहा-दहा एकेका मार्काचे, झाले ना २०० पैकी ४०? त्यात अकरावीचं सगळं पुस्तक नाहीच, यादीत ठरावीक चॅप्टर आहेत. फिजिक्सचं सेमीकंडक्टर, गणितातलं डिस्पर्शन एका बैठकीत होतं, तेवढ्यात बारावीच्या इंटिग्रेशनची धड सुरुवातही होत नाही.

रट्टामारू: तो दादा मीच. दोन महिने उरलेल्यांसाठी लिहिलेलं, तेवढं सोडून बाकी वाचलंत. निगेटिव्ह मार्किंग नाहीये, ठोकून दिलं तरी चारात एक लागतो.

सीईटीग्रस्त: म्हणजे ४० मार्कांतले १०. बाकीचे ३० दान का?

एका मुलीची आई: आमच्या क्लासवाल्यांनी हेच केलं, अकरावी नुसती पळवली, बारावीत बघू म्हणाले, आता पोरीला अकरावीच्या ट्रिगचे (ट्रिगोनोमेट्रीचे) फॉर्म्युले येत नाहीत म्हणून इंटिग्रेशन अडलंय. ते २० टक्क्यांत धरायचं की ८० मध्ये? फी मात्र दोन्ही वर्षांची मोजून घेतली.

शिफ्टपीडित: चॅप्टर कसले मोजताय, सगळा शिफ्टचा खेळ आहे, परीक्षा वेगवेगळ्या सत्रांत आणि दर सत्राला पेपर वेगळा. मैत्रिणीपेक्षा माझे मार्क जास्त आणि पर्सेंटाइल कमी!

रट्टामारू: तिचा पेपर अवघड असेल. पर्सेंटाइल म्हणजे आपल्याच शिफ्टमधली किती टक्के पोरं आपल्याइतकी किंवा आपल्या खाली, ते त्यासाठीच असतं.

शिफ्टपीडित: आणि माझ्या शिफ्टला हुशार पोरं जास्त आली असतील तर? ते कोण बघतं?

रट्टामारू: शिफ्टला हजारो पोरं असतात हो, सगळे टॉपर काय ठरवून तुमच्याच शिफ्टला बसतात?

शिफ्टपीडित: ज्याचं कॉलेज गेलंय त्याला विचारा. तुम्हाला काय जातंय ज्ञान पाजळायला!

सीईटीग्रस्त: भांडू नका. पण सोप्या शिफ्टला दोन-चार मार्क गेले तरी पर्सेंटाइल धाडकन खाली येतं, तिथे हातातले सोपे प्रश्न सोडणं परवडतं का, एवढंच सांगा.

रट्टामारू: बरं महाराज, सेमीकंडक्टर वाचा, डिस्पर्शनही करा. अकरावी गणिताच्या सर्कल आणि परम्युटेशनला मात्र दोन महिन्यांत हात लावू नका, यावर मी ठाम आहे.

एका मुलीची आई: आणि ट्रिग?

रट्टामारू: ताई, ट्रिग कराच. ते मी बारावीतच धरतो.

सीईटीग्रस्त: हो का! मग तुमची अकरावी उरली किती?