फायबर चौकापर्यंत आलंय पण पुढे सरकेना, नवीन टेलिकॉम कायद्याचा आपल्याला काही उपयोग आहे का?

टॉवेलवाला_जुळे

नमस्कार मंडळी. जुळे सोलापूरच्या पलीकडे विजापूर रोडच्या अंगाला जे नवीन लेआउट पडलेत तिथं राहतो. मेन रोडच्या चौकापर्यंत फायबर आलंय, चौकातल्या दुकानांना कनेक्शन पण आहेत, आमच्या गल्लीला मात्र नाही, आणि अंतर म्हणाल तर चौकात उभं राहून आमची पाण्याची टाकी दिसते. कंपनीच्या माणसाला कितीदा विचारलं, त्याचं एकच, "रस्त्याची परवानगी अडकलीय साहेब."

सगळं घर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चाललंय. पोरगी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते, मीटिंगमध्ये आवाज तुटायला लागला की लॅपटॉप घेऊन गच्चीवर पळते, उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता सोलापुरात गच्चीवर काय हाल होतात ते सांगायला नको. माझं टॉवेलचं काम, बाहेरच्या पार्ट्या व्हिडिओ कॉलवर माल दाखवा म्हणतात आणि नेमकं तेव्हाच चक्र फिरत बसतं.

परवा एका व्हॉट्सअप ग्रुपवर आलं की २०२३ च्या नवीन कायद्यात सरकारी ऑफिसने ठराविक दिवसांत उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असंच धरतात. हे खरं आहे का? असेल तर आम्ही रहिवाशांनी ते दाखवून काम चालू करून घेता येईल का? आणि दुसरं म्हणजे आमचे चेअरमन म्हणायलेत की कंपाउंडमध्ये कंपनीचा बॉक्स बसवला तर ती जागा उद्या त्यांचीच होईल आणि घरपट्टी पण वाढेल. त्यात काही तथ्य?

जॉइंटवाला

मालक, मी याच धंद्यात आहे, कंपन्यांकडून फायबर ओढायची कामं घेतो, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या मला बसतात.

ग्रुपवरचं अर्धं खरं आहे. टेलिकम्युनिकेशन कायदा डिसेंबर २०२३ मध्ये झाला, १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या जागी. त्यातला राइट ऑफ वे म्हणजे वायर न्यायचा हक्क हा भाग जून २०२४ मध्ये लागू झाला आणि त्याखालचे नवीन नियम १ जानेवारी २०२५ पासून. पण मुदत संपली की परवानगी धरायची ही गोष्ट तेव्हाची नाही, २०१६ च्या नियमातच ती होती, साठ दिवसांत होय नाही काहीच आलं नाही तर मंजूर समजायचं. नाकारायचं असेल तर कारण लेखी द्यायचं आणि त्याआधी अर्जदाराचं म्हणणं ऐकून घ्यायचं. जमिनीखालून फायबर टाकायला ऑफिसने प्रशासकीय खर्च म्हणून किलोमीटरला हजार रुपयांच्या वर घ्यायचे नाहीत हे पण तेव्हाच आलं. खोदलेला रस्ता दुरुस्त करायचा खर्च त्यात नाही, तो वेगळा, आणि खरा पैसा तिथंच जातो.

आता तुमच्या कामाचं. ही मुदत मोजली जाते अर्ज टाकला त्या तारखेपासून, आणि अर्ज टाकायचा कंपनीने, तुम्ही आम्ही नाही. अर्ज गतिशक्ती संचार नावाच्या पोर्टलवर जातो, २०२२ पासून आहे ते, अर्जाला नंबर पडतो. तर तुमच्या माणसाला "परवानगी कधी येणार" असं विचारूच नका, अर्जाचा नंबर आणि तारीख मागा. बऱ्याच वेळा अर्जच गेलेला नसतो. वीस पंचवीस घरांसाठी रस्ता खोदून तो परत भरून द्यायचा हिशोब कंपनीला परवडत नाही, मग सेल्सचा पोरगा काय सांगणार, परवानगी अडकली म्हणायचं, सोपं पडतं, समोरचा सरकारला शिव्या देतो आणि गप्प बसतो.

चेअरमन साहेबांना सांगा निवांत झोपा. कायद्याच्या कलम १४ मध्ये सरळ लिहिलंय की जागेवर बसवलेलं नेटवर्क त्या जागेचा भाग धरायचं नाही, जागेच्या व्यवहारात नाही आणि मालमत्ता करातही नाही. म्हणजे बॉक्समुळे घरपट्टी वाढत नाही, आणि उद्या सोसायटीवर कर्ज किंवा जप्ती आली तरी तो बॉक्स त्यात जात नाही. जागा तुमची ती तुमचीच. फक्त खाजगी जागेत यायला कंपनीने तुमच्याशी करार केला पाहिजे, नुसतं शिडी लावून चढायचं नाही. एक गोष्ट चेअरमनला आवडणार नाही, ती म्हणजे मालक अडूनच बसला आणि सरकारला वाटलं की लोकांच्या हितासाठी हे लागणारच आहे तर सरकार तो हक्क मिळवून देऊ शकतं. पण तुमच्या गल्लीसाठी सरकार एवढं करेल असं मला वाटत नाही, त्यामुळे घाबरायचंही काम नाही.

टॉवेलवाला_जुळे

बाबो. अर्जाचा नंबर मागायचं डोक्यातच आलं नव्हतं. आजच मेल टाकतो. चेअरमनला तुमचा मेसेज जसाच्या तसा फॉरवर्ड केलाय.

निवृत्त_रस्तेवाला

जॉइंटवाले बरोबर सांगतायत, पण सगळे जण परवानगी देणाऱ्या ऑफिसलाच खलनायक करतात म्हणून दुसरी बाजू लिहितो. मी दुसऱ्या जिल्ह्यात एका नगरपालिकेत रस्ते विभागात नोकरी केली, आता सोलापुरात मुलाकडे असतो.

रस्ता करायचा म्हणजे आधी निधी, मग टेंडर, मग काम, त्यात वर्ष दोन वर्षं जातात. डांबर टाकून गार होतंय तोवर एक केबलवाला येतो, परवानगीचा कागद दाखवतो आणि कडेने चर मारतो. भरताना वरवर माती, त्यावर खडी, पहिल्या पावसात तो चर खाली बसतो आणि खड्डा कोणाच्या नावावर, तर आमच्या. नगरसेवक आम्हाला धरणार, लोक आम्हाला धरणार, ठेकेदार तोवर दुसऱ्या गावात. त्यात पाण्याची लाईन फुटली तर बघायलाच नको. सोलापुरात पाणी रोज येत नाही, उजनीहून शंभरेक किलोमीटर लांबून येतं, ज्या दिवशी पाळी त्याच दिवशी लाईन फुटली तर बायका हंडे घेऊन ऑफिसात येतात, फायबर कंपनीच्या ऑफिसात नाही. म्हणून फाईलवर सही करायला माणूस कचरतो. पैसे खायचे म्हणून फाईल दाबणारे पण असतात, नाही म्हणत नाही, पण सगळेच तसे नसतात.

मुदत घालून दिली की सही लवकर होते हे खरं. पण चर नीट भरला का हे बघायला मुदतीसारखं काही नाही, तिथं डिपॉझिट नाहीतर बँक गॅरंटी एवढंच हातात, आणि ती जप्त करायची म्हणजे पुन्हा एक फाईल. मला विचाराल तर नवीन कायद्यातली कामाची गोष्ट मुदत नाहीच. सगळ्यांसाठी एकच डक्ट, कॉमन केबल कॉरिडॉर, त्याची तरतूद आहे त्यात. एकदा रिकामा पाईप पुरा, मग ज्याला यायचं त्याने त्यातून वायर ओढा, रस्ता परत उकरायचा नाही. ते कुठं होताना दिसलं तर मी पेढे वाटेन.

आणि जेसीबीवाल्यांसाठी, खोदण्याआधी कळवायचं ॲप आहे, कॉल बिफोर यू डिग म्हणून, मार्च २०२३ मध्ये पंतप्रधानांनी चालू केलं. न कळवता खोदल्याने वर्षाला साधारण ३००० कोटींचं नुकसान होतं असा अंदाज सरकारनेच दिलेला. आमच्या वेळी कोणाची वायर कुठून गेलीय ते जुन्या वायरमनला विचारायचं, तो पायाने जमीन दाबून सांगायचा "इथून दोन फूट डावीकडं".

स्टुटगार्टचा_सोलापुरी

काका, डक्टचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, मी मूळ साखर पेठेतला, आता जर्मनीत. इथं सगळं फास्ट असेल असं आपल्याकडे वाटतं, पण फायबरच्या बाबतीत हा देश लई मागं, माझ्या घरी अजून तांब्याच्या टेलिफोन लाईनवरच इंटरनेट येतं, सोलापुरातल्या मावशीचं नेट माझ्यापेक्षा फास्ट आहे.

इथं २०१६ ला कायदा केला त्यांनी, सरकारी पैशाने रस्त्याचं मोठं काम निघालं की त्याच खोदाईत फायबरसाठी पाईप टाकून घ्यायचा. काका म्हणतायत तेच, एकदाच उकरा. ऐकायला भारी, पण एकाने चर काढला की दुसरा मोठा येऊन म्हणणार माझी पण वायर टाक याच्यात, मग ज्या छोट्या कंपन्यांनी आणि गावच्या संस्थांनी जिवावर उदार होऊन खेड्यात पाईप नेले त्यांचं गिऱ्हाईक मोठा पळवणार, त्यावर बरीच बोंबाबोंब झाली. २०२५ मध्ये परत नवीन कायदा आणला, त्यात २०३० संपेपर्यंत नेटवर्क उभारणं हे सर्वोच्च सार्वजनिक हिताचं काम ठरवलंय, म्हणजे परवानगी देताना बाकीच्या आक्षेपांपेक्षा त्याचं वजन जास्त. युरोपचा पण २०२४ चा वेगळा कायदा आहे, तिथं अर्जाला चार महिने. आपल्याकडे साठ दिवस होते! कागदावर आपणच पुढं.

पण इथं मुदती पाळल्या तरी खोदायला माणसं मिळेनात, पाईप टाकणारे कामगार कमी पडतात. सोलापुरात निदान ती अडचण नाही बे.

मंद्रूपकडचा

तुमचं शहराचं तरी बरं हाय. दक्षिण तालुक्यात आमच्या गावात ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलंय, भारतनेट म्हणजे गावोगावी फायबर न्यायची सरकारी योजना, तिची पेटी भिंतीवर हाय, पण तिथनं पुढं घरापर्यंत वायर नेणारा कोणी न्हाई. पेटी बघायला जावं लागतंय आणि इंटरनेट वापरायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागतंय. आता म्हणं भारतनेटचा नवीन टप्पा मंजूर झालाय २०२३ ला, १,३९,५७९ कोटींचा, त्यात गावातल्याच माणसाला धरून घरोघर कनेक्शन द्यायचं हाय आणि लाईन रिंगमध्ये टाकायची, म्हणजे एकीकडं तुटली तर दुसरीकडनं चालू राहील. आमच्याकडं ऊसतोडीच्या सीझनला ट्रॅक्टर ट्रॉल्यांनी पोलवरच्या वायरी तुटतात, तवा रिंगचं काम झालं तर बरंच हाय. परवानगीचं म्हणाल तर गावात ती अडचण न्हाई, सरपंच स्वतः खड्डा खणून देईल. अडचण हीच की कंपनीला गिऱ्हाईक दिसत न्हाई.

जॉइंटवाला

@मंद्रूपकडचा भाऊ, तुमच्या गावात एखादा केबल टीव्हीवाला असेल तर त्याला गाठा, त्याच्याकडे पोल, शिडी, वसुलीचं पुस्तक सगळं तयार असतं, भारतनेटमध्ये घरोघर कनेक्शन द्यायला गावातला माणूस धरतात त्याला उद्यमी म्हणतात, त्यासाठी असेच लोक चालतात. फक्त लाईन तुटल्यावर जोडायला कोण येणार हे आधी लेखी घ्या, तुटलेलं फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन लाखाच्या घरात जातं, गावात कोणी ठेवत नाही.

@निवृत्त_रस्तेवाला काका, चर भरण्याचं तुमचं पटलं. आम्ही शक्य तिथं एचडीडी मशीन लावतो, दोन टोकांना दोन खड्डे आणि मधून जमिनीखालून पाईप, रस्ता फुटत नाही. पण त्याचा रेट जास्त, आणि खाली काळा दगड लागला की मशीन बसतं. सोलापुरात दगड कुठं लागत नाही सांगा.

टॉवेलवाला_जुळे

अपडेट देतो. मेल टाकला, अर्जाचा नंबर आणि तारीख मागितली. मेलला उत्तर नाही, पण दुसऱ्या दिवशी कधी नव्हे तो साहेब लोकांचा फोन आला. म्हणे "सर, तुमच्या एरियाचा सर्व्हे प्रोसेसमध्ये आहे."

जॉइंटवाला

म्हणजे अर्ज गेलेलाच नाही मालक, सर्व्हे अर्जाच्या आधी असतो. आता असं करा, गल्लीतली जेवढी घरं कनेक्शन घ्यायला खरंच तयार आहेत त्यांची नावं सह्या घेऊन यादी करा, वर्षभराचा प्लॅन घेणारे किती ते वेगळं लिहा, चेअरमनचं जागेचं संमतीपत्र जोडा आणि ते एकाच कंपनीला न देता या भागात फिरणाऱ्या दोन तीन कंपन्यांना द्या, लोकल केबलवाल्याला पण. खोदायचं नसेल तर पोलवरून आणा म्हणा, पोल ज्याचा आहे त्याची परवानगी आणि भाडं त्यांनी बघायचं. जो आधी अर्जाचा नंबर दाखवेल त्याच्याकडून कनेक्शन घ्या. नंबर आला की तारीख इथं टाका, दिवस मी मोजतो.

टॉवेलवाला_जुळे

चेअरमन संमतीपत्रावर सही करायला तयार झालेत, पण बॉक्स त्यांच्या गॅलरीखाली नको म्हणायलेत.