मदत हवी आहे : छातीत नळी आहे, बुडबुडे थांबेनात. गाडीत नेताना नळी बंद करावी का?

मांजराकाठ :
पुतण्या, वय १९, उंच, हडकुळा, सिगारेट ओढतो. चार दिवसांपूर्वी बसल्या जागी उजव्या छातीत कळ आली, दम लागला. एक्स-रेत छातीत हवा साठून फुफ्फुस आकसलेलं दिसलं, म्हणून हवा काढायला नळी टाकून पाण्याची बाटली जोडली. बुडबुडे अजून येतात. आता केजहून संभाजीनगरला घाटी रुग्णालयात न्यायचंय. सोबतचे म्हणतात, नळीला चिमटा लावा, पाणी सांडणार नाही. लावावा का? आणि मार लागलेला नसताना हवा शिरली कुठून?

बालाघाट :
चिमटा अजिबात लावू नका! बुडबुडे येतात म्हणजे फुफ्फुस अजून गळतंय. वाट बंद केली की हवा छातीतच कोंडते, हृदयावर दाब येतो, बीपी कोसळतं. रस्त्यात जीव जाऊ शकतो.

बाटली उभी आणि छातीच्या खाली धरायची, नळीचं टोक पाण्यात साधारण २ सेंमी बुडालेलं. स्ट्रेचर उचलताना ती पेशंटच्या पोटावर ठेवतात, तिथंच घात होतो. पाणी उलटं छातीकडे ओढलं जातं. बाटली आडवी झाली तर लगेच उभी करा. जोड निसटला तर नळीचं टोक सलाईनच्या बाटलीत बुडवा. नळी छातीतूनच निघाली तर भोकावर गॉज दाबा आणि गाडी जवळच्या दवाखान्यात घ्या. दम वाढू लागला तर गॉज सैल करा. श्वासासोबत नळीतलं पाणी वर-खाली हलतं, त्यावर नजर ठेवा. हलायचं थांबलं तर नळी अंगाखाली दुमडली का ते आधी बघा.

गोदाकाठ :
हवा बाहेरून शिरलेली नाही. फुफ्फुसाच्या शेंड्यावर पातळ फोड असतात, त्यातला एक फुटतो. उंच, सडपातळ पोरांत हे जास्त दिसतं, सिगारेटनं धोका कैक पटींनी वाढतो. तीन-पाच दिवसांत गळती थांबली नाही तर छातीच्या सर्जनचं मत घेतात. दुर्बिणीतून फोड काढून फुफ्फुसाचं आवरण छातीच्या भिंतीला चिकटवतात. ते जन आरोग्य योजनेत बसतं का, दवाखान्यातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा. आपल्याकडे टीबीनंही असं होतं, म्हणून थुंकीची सीबीनॅट (टीबीची तपासणी) झाली नसेल तर आग्रह धरा. तिघांतल्या साधारण एकाला हे पुन्हा होतं. सिगारेट सुटलीच पाहिजे, आणि पुन्हा कळ आली तर त्याच दिवशी एक्स-रे.

मांजराकाठ :
आज बुडबुडे फक्त खोकल्यावर येतात. आता तरी चिमटा चालेल?

बालाघाट :
नाही. गळती कमी झालीय, थांबलेली नाही. नळी उघडीच ठेवून न्या.