मिसडिमीनर, म्हणजे छोटा गुन्हाच आहे ना, मग 'गिल्टी' म्हणून मोकळं व्हावं का?

सांताक्लारावासी
ओळखीतल्या एका मुलाला शनिवारी रात्री पोलीस घेऊन गेले. भांडणात त्यानं बायकोच्या हातातला फोन हिसकावला, दंड धरून तिला ढकललं. तिनं नाइन-वन-वन, म्हणजे पोलिसांचा तातडीचा नंबर लावला. सोमवारी ती म्हणते, "मला तक्रार मागे घ्यायचीय." इथं ते तिच्या हातात नसतं. खटला कॅलिफोर्नियाची जनता विरुद्ध तो असा उभा राहतो आणि चालवायचा की नाही ते डिस्ट्रिक्ट अटर्नी, म्हणजे सरकारी वकील ठरवतो. बायको फक्त साक्षीदार.

आता मित्रमंडळी त्याला सांगतायत, मिसडिमीनर तर आहे, प्ली घे (म्हणजे तडजोडीत गुन्हा कबूल कर), दंड भर, वर्षभराचे ५२ क्लास कर आणि मोकळा हो. माझं मत उलट आहे. एच-१बीवरच्या (नोकरीच्या व्हिसावरच्या) माणसानं इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय कशावरही सही करू नये. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतलं जोडीदारावर हात टाकण्याचं कलम २४३(ई)(१), त्याला जखम लागत नाही, रागानं केलेला धक्काही पुरतो. जास्तीत जास्त एक वर्ष काउंटी जेल आणि २,००० डॉलर दंड. जोडीदाराला इजा करण्याचं कलम २७३.५, त्याला दुखापत लागते, आणि ते फेलनी (गंभीर गुन्हा) म्हणूनही लावता येतं, मिसडिमीनर म्हणूनही. कोर्टात दोन्ही 'छोटे' गुन्हे वाटतील, पण हद्दपारीच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. नाइन्थ सर्किटनं (इथलं केंद्रीय अपील कोर्ट) २००६ मध्ये ऑर्टेगा-मेंडेझच्या खटल्यात म्हटलं की २४३(ई)(१) ची शिक्षा आपोआप 'हिंसेचा गुन्हा', म्हणजे हद्दपारीला कारण होणारा गुन्हा, ठरत नाही. २७३.५ मात्र ठरते. आणि २०२१ पासून जज मिसडिमीनरला जे डायव्हर्जन (अटी पाळल्या की खटला रद्द) देऊ शकतात, त्यातून ही दोन्ही कलमं वगळलेली आहेत. म्हणजे ती पळवाटही नाही.

लढावं. निदान कोणत्या कलमावर मान तुकवतोय हे तरी कळून तुकवावी.

ओव्याची_आई
वाचून संताप आला. आख्ख्या पोस्टमध्ये तिचा धरलेला दंड कसा आहे, हे एका शब्दानं नाही. काळजी कशाची, तर व्हिसाची! मी दक्षिण आशियाई बायकांच्या हेल्पलाइनवर फोन घेते. 'लढावं' म्हणजे प्रत्यक्षात काय होतं सांगू? सासूबाई पुण्याहून व्हॉट्सॲपवर रडतात, "एकदा वकिलाशी बोल गं, घर मोडेल." नवरा जेलमधून फोन करतो. मग बाई म्हणते, मीच पडले होते.

सांताक्लारावासी
ताई, जेलचे फोन रेकॉर्ड होतात आणि तेच कोर्टात वाजवले जातात. 'तिला गप्प करा' हा बचाव नव्हेच, तो आरोपीच्या पायावरचा धोंडा आहे. मी तसं म्हटलेलं नाही.

डोंबिवली_ते_डॅलस
भारतात ४९८अ (२०२४ पासून न्याय संहितेचं ८५), इथं हे. सगळीकडे पुरुषच बळी.

ओव्याची_आई
हे रडगाणं इथं नको. २४३(ई)(१) मध्ये बाई-पुरुष असा भेदच नाही. नवऱ्याच्या हातावर ओरखडे दिसले म्हणून बाईला बेड्या घालून नेलेली केस माझ्याकडे आली होती. ओरखडे कसले? त्यानं मागून गळ्याभोवती हात टाकलेला, ती सोडवून घेत होती. मुख्य हल्लेखोर कोण ते पोलिसांनी बघायचं असतं, तिला इंग्रजीत धड सांगता आलं नाही आणि तो शांतपणे बोलत होता. तिलाही पब्लिक डिफेंडरनंच (सरकारनं दिलेल्या बचावाच्या वकिलानं) सोडवलं, स्वसंरक्षण म्हणून. तेव्हा बचाव वाईट, असं मी म्हणत नाही. बचाव कोण मागतोय आणि किंमत कोण मोजतंय, एवढंच विचारतेय.

कोर्टाच्या_पायरीवर
(पॅरालीगल, म्हणजे वकिलाचा मदतनीस आहे, वकील नाही.) एक गैरसमज दोन्ही बाजूंना असतो, की बायको साक्षीला आली नाही तर केस पडते. २००६ च्या डेव्हिस विरुद्ध वॉशिंग्टन या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, संकट चालू असताना मदतीसाठी केलेल्या फोनवरचं बोलणं ती न येताही पुरावा म्हणून चालतं. त्याच निकालातल्या हॅमनच्या खटल्यात उलट. पोलीस आले, नवरा दुसऱ्या खोलीत, भांडण संपलेलं, तेव्हा बायकोनं दिलेला जबाब उलटतपासणीशिवाय चालला नाही. म्हणून आमच्याकडे पहिल्या दिवशी फोनचं रेकॉर्डिंग आणि पोलिसांच्या बॉडी-कॅमची फिल्म मागतात. कितव्या मिनिटाला कोण काय बोललं, केस तिथंच घडते किंवा बिघडते.

आणि इमिग्रेशनचा धोका न सांगता प्ली घ्यायला लावणारा वकील कामात चुकतो, हे पडिया विरुद्ध केंटकीत २०१० लाच ठरलंय. त्या मुलानं विचारलंच पाहिजे.

ओव्याची_आई
विचारू दे. मग तिलाही कुणीतरी सांगा. ती एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या बायकोचा व्हिसा) असणार, त्याचा व्हिसा गेला की तिचाही गेला. पुढच्या वेळी ती फोन उचलणारच नाही. गुन्ह्याच्या बळींसाठी यू-व्हिसा आहे म्हणतात, तो वर्षाला १०,०००, आणि रांग वर्षानुवर्षांची. मारहाण झालेल्या एच-४ बाईला स्वतःचं वर्क परमिट मागता येतं, हे त्याच्या किती मित्रांना माहीत आहे?

सांताक्लारावासी
मला माहीत नव्हतं. पण यातून तर माझाच मुद्दा निघतो. तो देशाबाहेर फेकला गेला तर तिचं काय भलं होणार? घाईची प्ली दोघांनाही बुडवते.

ओव्याची_आई
आणि चार महिने तारखा पडत राहिल्या, तर तोवर भाडं कोण भरणार? त्यानं तिच्याशी संपर्क करू नये अशी कोर्टाची नो-कॉन्टॅक्ट ऑर्डर आहे, बँकेचा पासवर्ड त्याच्याकडे. हे तुमच्या 'लढावं'मध्ये बसतं का?

कोर्टाच्या_पायरीवर
त्याच्या वकिलानं पुढच्या तारखेला पैशाची सोय आणि 'शांततेनं संपर्क' एवढ्यापुरती ऑर्डर सैल करून मागावी. तिला तसं हवं असेल तरच. सामान न्यायला पोलीस बरोबर घेऊनच जावं. मित्राकरवी निरोप अजिबात नको, तोही संपर्कच धरतात. आणि ऑर्डर मोडल्याचं कोर्टानं ठरवलं, तर मूळ गुन्ह्यातून सुटूनही तो हद्दपार होऊ शकतो.

सांताक्लारावासी
निरोपाचं आज रात्रीच त्याच्या ग्रुपवर टाकतो. परवाच एक जण तिच्याकडे जाऊन आलाय.

ओव्याची_आई
कोण? आणि काय बोलला तिच्याशी?