कॉम्पॅक्ट एसयूव्हीत १.० टर्बो की १.५ टर्बो? माझं मत १.५ला, पटत नसेल तर कारण सांगा

घाटवाट:
गाडी ठरलीये, इंजिन ठरत नाहीये. एकाच मॉडेलमधे दोन पेट्रोल पर्याय आहेत, एक लिटर तीन सिलिंडर टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा असलेलं) ११५ पीएस, म्हणजे अश्वशक्ती, आणि दीड लिटर चार सिलिंडर टर्बो १५० पीएस. घरात आम्ही पाच जण, एरवी शहरातलं रोजचं जाणंयेणं, पण सुट्टी लागली की सगळे मिळून लांब, डिकी गच्च भरलेली आणि वाटेत घाट. माझं म्हणणं एवढंच की एवढं वजन ओढायचं तर मोठंच इंजिन हवं, एक लिटरवाली घाटात दमणार. घरचे म्हणतात उगाच जास्त पैसे कशाला घालायचे. मॅन्युअल घेणार आहे.

सरळहिशोब:
"घाटात दमणार" हे सगळेच बोलतात, आकडे कोणी मांडत नाही. गाडी साडेबाराशे किलो, माणसं आणि सामान चारशे, झाले १६५० किलो. दहा टक्क्यांचा चढ घ्या, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की दहा मीटर वर, हा चांगलाच चढ आहे. त्यावर ताशी ६० ने एकसारखं चढायला वारा आणि टायरचं घर्षण धरून चाकांवर साधारण ३३ किलोवॅट लागतात, म्हणजे ४५ पीएस. गिअरबॉक्समधे थोडी गेली तरी ११५ मधली निम्म्याहून जास्त ताकद शिल्लक राहते. सपाट रस्त्यावर १०० ने जायला तर २२-२३ पीएसच पुरतात. मग गाडी घाटात मरते का, तर लोक चौथ्या गिअरमधे १३०० आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबून बसतात आणि गिअर खाली टाकायला हात उचलत नाहीत. तिसरा टाका, लागला तर दुसरा, आरपीएम अडीच हजाराच्या वर ठेवा, तेच इंजिन पाच जणांना घेऊन आरामात वर जातं.

लांबचाप्रवास:
हिशोब मान्य, पण एकसारखं ६० ने चढायला मिळतं कुठे? पुढे लोड भरलेला ट्रक असतो, त्याच्यामागे तुम्ही २५ वर आलेले असता आणि वळण संपलं की जेवढा मोकळा रस्ता दिसतो तेवढ्यातच पुढे काढायची असते. सपाट रस्त्याचंच घ्या, ८० वरून ११० वर जायचं तर १६५० किलोला साधारण ३६० किलोज्यूल जास्तीची ऊर्जा द्यावी लागते, ११५ वालीला ढोबळ मानाने आठ सेकंद आणि १५० वालीला साडेपाच. हा अडीच सेकंदांचा फरक म्हणजे त्या वेगाला ६५ मीटर, तेवढं अंतर तुम्ही चुकीच्या लेनमधे जास्त असता आणि समोरून येणाराही तेवढ्यात तेवढाच जवळ आलेला असतो. मागे मुलं बसलेली असताना मला ते अडीच सेकंद हवेतच, त्याला मी चैन म्हणणार नाही.

सरळहिशोब:
पण ते अडीच सेकंद सुरक्षेसाठी राहतात असं तुम्ही गृहीत धरताय. ताकद जास्त असली की माणूस कमी जागेतही गाडी घालतो, रस्त्यावर रोज दिसतं हे. जागा नसेल तर मागे थांबा, ट्रकवाला पुढच्या मोकळ्या जागेत बाजू देतो. आणि मुलांचीच काळजी असेल तर दोन इंजिनांमधल्या फरकाच्या पैशात वरचं व्हेरिएंट मिळतंय का, त्यात जास्त एअरबॅग आणि चांगले टायर येतात का ते बघा, ते रोज कामाला येतं.

लांबचाप्रवास:
कमी जागेत घालणारा ११५ पीएसमधेही घालतो आणि अर्ध्यात अडकतो. चालवणाऱ्याच्या सवयीसाठी इंजिन छोटं घ्यायचं हे मला अजिबात पटत नाही.

क्लचप्लेट:
गॅरेजमधे काम करतो म्हणून बोलतो, तुम्ही दोघं हायवे आणि घाटावर भांडताय पण खरा फरक शहरात पडतो. टर्बो दाब द्यायला लागेपर्यंत एक लिटरचं इंजिन एक लिटरचंच असतं, लिटरमागे ९०-९५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, धरा, म्हणजे हजार-बाराशे आरपीएमला छोट्याकडे नव्वदच्या आसपास आणि दीड लिटरकडे एकशेचाळीसच्या आत-बाहेर. आता चढावर ट्रॅफिकची रांग, पाच जण आत, एसी फुल, कंप्रेसर त्यातलं स्वतःचं घेणारच. गाडी पहिल्यातून उचलत नाही म्हणून माणूस हाफ क्लचवर रेस करत राहतो, दर दोन मिनिटांनी तेच. जळका वास यायला लागला की गाडी आमच्याकडे येते, प्लेट काढली की निळी पडलेली, कडा घासून गेलेल्या. म्हणून छोटं टर्बो मॅन्युअल, भरलेली गाडी आणि चढाचं शहर हे गणित मला आवडत नाही.

पण तेच छोटं इंजिन टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिकबरोबर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणाऱ्या गिअरबॉक्सबरोबर, घेतलं तर चित्र बदलतं, गाडी उचलताना कन्व्हर्टर टॉर्क जवळजवळ दुप्पट करून देतो आणि घासायला क्लच प्लेटच नसते. घाटवाट, तुम्ही १.५ मॅन्युअल की १.० ऑटोमॅटिक अशी तुलना करा, आत्ता करताय ती अर्धवट आहे. आणि ड्राय क्लचवाला ड्युअल क्लच (तेलात न बुडालेल्या दोन क्लचचा ऑटोमॅटिक) असेल तर रांगेत मुंगीच्या पावलाने सरकत ठेवू नका, पुढे जागा होऊ द्या मग उचला.

मधलीसीट:
मायलेजचं कोणीच बोललं नाही. छोटं इंजिन हलक्या पायाने एकट्याने चालवलं तर अॅव्हरेज नक्कीच छान देतं, पण गाडी भरून सतत टर्बोवर ठेवलं की पेट्रोल पितं, आणि मोठं तिथे निवांत असतं. पाच जणांच्या लांबच्या प्रवासात दोघांत फारसा फरक राहत नाही. थरथर पण बघा, तीन सिलिंडरमधे क्रँक २४० अंश फिरल्यावर एक ठिणगी, चारमधे १८० अंशांवर, सिग्नलला उभं असताना सीटमधे जाणवतं. माझ्या आईला त्याचाच त्रास होतो.

सरळहिशोब:
थरथर गाडीगाडीवर आहे, काहींचे इंजिन बसवायचे रबरी माउंटिंग इतके चांगले असतात की कळत पण नाही. क्लचचा मुद्दा मात्र वजनदार आहे, ऑटोमॅटिक घेणार असाल तर मी अजूनही १.० वरच.

घाटवाट:
ऑटोमॅटिकचा विचारच केला नव्हता, बायकोला तीच हवी होती खरं तर. शोरूमवाला मोकळ्या सपाट रस्त्यावर एकट्याला फिरवून आणतो, त्यातून काही कळत नाही. आता पाचही जण बसून, एसी फुल करून, चढावर पूर्ण थांबून दोन्ही गाड्या उचलून बघतो. नाही म्हणाला तर दुसरी शोरूम.

लांबचाप्रवास:
तेवढ्यात ८० ते ११० पण मोजा, पाच जण बसलेले असतानाच. मोबाईलवर वेळ मागच्याला लावायला सांगा, तुम्ही रस्ता बघा.