खुडबुडीतून हाती काय लागतं?
आपले निवृत्त वडील गावी दिवसभर नुसती खुडबुड करतात, त्यातून हाती काय लागतं, असं इथे कुणीतरी विचारलंय. आम्ही कोकणातले, गुहागरकडचे. इथली निम्मी कामं अशीच. अंगण लोटून पाठ वळते न वळते तोच फणसाची पानं पुन्हा खाली. जांभ्याच्या दगडांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, चुन्या-सिमेंटशिवाय रचलेला, त्यामुळे पावसाळ्यात कुठेतरी ढासळतोच. दिवाळीनंतर परत रचायचा. पण दगड हातात फिरवता फिरवता त्याची नेमकी बाजू सापडते, तो डुगडुगायचा थांबतो, तेव्हा फार बरं वाटतं हो.

माझं सगळ्यात आवडतं काम खराटा बांधणं. माडाचं झावळं घ्यायचं, एकेक पात सुरीने तासून हीर, म्हणजे पातीच्या मधली काडी, मोकळा करायचा, मूठभर झाले की बुडखे जमिनीवर आपटून सारखे करायचे आणि सुंभाने करकचून आवळायचे. बाजारात तयार खराटा मिळतो, मान्य. पण पडवीत बसून हीर काढताना माणूस जेवढं मोकळं बोलतो, तेवढं फोनवर बोलत नाही. पुढच्या खेपेला वडिलांशेजारी बसून बघा. सुरी मात्र धारेची घ्या, बोथट असली तर पात हिराला चिकटून राहते.